प्लांटेड टँकमधलं शेवाळ: ओळखायचं कसं, आवरायचं कसं?

मार्कंडेयकाठ (हिंडलगा)
नमस्कार मंडळी. घरात तीन फुटी प्लांटेड टँक आहे, म्हणजे झाडं लावलेली माशांची काचपेटी. वाळू-दगड वजा जाता १३० लिटरच्या आसपास पाणी बसतं. झाडं म्हणजे अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया, मागच्या बाजूला रोटाला. मासे म्हणजे निऑन, थोडे गप्पी, कोरी. पाणी घरच्या बोअरचं. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याच्या किटवर. लाइट रोज दहा तास, टायमर लावलाय.

गणपतीपर्यंत टँक झकास होता. आता दिवाळी झाली आणि तीन तऱ्हेचं शेवाळ एकदम माजलंय. अनुबियासच्या पानांच्या कडांना आणि फिल्टरच्या तोंडाशी काळे झुपके आहेत, ओढले तरी सुटत नाहीत. समोरच्या काचेवर हिरवे, कडक ठिपके. आणि पुढच्या वाळूवर निळसर हिरवा थर. चिमटीत धरला की अख्खा पापुद्रा निघतो, पण दोन दिवसांत परत हजर.

दुकानदाराने 'सगळ्या शेवाळावर एकच औषध' म्हणून एक निळी बाटली दिली, वर सकर फिश घ्या म्हणाला. बाटलीत काय आहे ते लेबलवर छापलेलंच नाही. अजून ओतली नाही. ओतू का?

कुंदा_कमी_गोड (शहापूर, बेळगाव)
नको ओतूस गा. असल्या औषधांत बरेचदा तांबं असतं. तांब्याने शेवाळ मरतं हे खरं, पण झिंगे आणि गोगलगायी त्याच्या आधी मरतात. आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर बाटली सरळ परत दे.

शेंगाचटणी (टिळकवाडी)
आणि सकर तर अजिबात आणू नका. दुकानात बोटाएवढा दिसतो, नंतर फूटभर होतो. लहान असताना काच चाटतो, मोठा झाला की आयतं खाणं बघतो आणि घाण एवढी करतो की शेवाळाला खत तोच पुरवतो. मग घरात मावेना म्हणून लोक नेऊन तलावात सोडतात. दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्याकडच्या पाण्यात माजला तो ह्याच वाटेने.

खानापूरचा_भात
फोटो टाका की. वाळूवरच्या थराचं वर्णन वाचून मला वेगळीच शंका येऊलालीय.

मार्कंडेयकाठ
टाकले तिन्ही. मोबाइलचा कॅमेरा आहे, सांभाळून घ्या.

रोटाला_वैनी (निपाणी)
फोटो बघितले. तिन्ही वेगळी आहेत आणि तिघांची कारणंही वेगळी, म्हणून एक बाटली तिघांना पुरायची नाही.

काळे झुपके म्हणजे ब्लॅक ब्रश अल्गी, सगळे बीबीए म्हणतात ते. दिसतं काळं, पण कुळाने ते लाल शेवाळ. खात्री करायची असेल तर झुपका असलेलं एक पान तोडून वाटीभर सर्जिकल स्पिरिटमध्ये ठेवा. हिरवं रंगद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं आणि मागे लालसर झुपका राहतो. शिंगासारखे फाटे फुटणारं करडं स्टॅगहॉर्न असतं, तेही ह्याच चाचणीत लाल होतं. साधं हिरवं केसाळ शेवाळ फिकं पडतं, लाल होत नाही. बीबीएला बहुतेक वेळा सीओटूची चढउतार कारणीभूत असते. आज भरपूर, उद्या नाही, असं झालं की झाडं अडखळतात आणि हे बाळसं धरतं. त्यात अनुबियासचं एकेक पान महिनोन्महिने टिकतं, म्हणजे बसायला जागा तयारच.

काचेवरचे ठिपके ग्रीन स्पॉट. पाण्यात फॉस्फेट कमी आणि लाइट जास्त, की ते येतात. स्पंजने घासून दमाल, ब्लेडने एका फटक्यात निघतील. टँक ॲक्रिलिकचा असेल तर मात्र ब्लेड लावू नका, जुनं एटीएम कार्ड वापरा. काचेवर बोट फिरवलं की सरसकट पुसली जाणारी हिरवी भुकटी असते ती निराळी, ती ग्रीन डस्ट. फोटोत तरी ठिपकेच दिसताहेत.

वाळूवरचा थर हे शेवाळच नव्हे. सायनोबॅक्टेरिया आहे, म्हणजे जिवाणू. पापुद्रा काढून नाकाशी धरा. ओल्या मातीसारखा कुबट वास आला तर शंका नको. पाणी जिथे हलत नाही आणि नायट्रेट जिथे संपलेलं असतं तिथे हा पसरतो.

खानापूरचा_भात
बरोब्बर, हीच माझी शंका होती. वैनी, गंमत बघा, ह्याच निळ्या-हिरव्या शेवाळाची पाकिटं कृषी खात्याची माणसं भातशेतीसाठी सुचवतात. चिखलात टाकायचं, हवेतला नायट्रोजन धरून पिकाला देतं. अझोलाच्या पानात राहतं ते ह्याचंच भावंड. आम्ही ते विकत घेतो, आणि हिंडलग्याच्या साहेबांकडे फुकट उगवूलालंय. पोतं घेऊन येऊ काय?

मार्कंडेयकाठ
या की. वाळूसकट न्या.

सीमावासी_२ (चिकोडी)
माझ्याकडेही हा थर आहे, पण वाळू आणि काच जिथे भेटतात तेवढ्याच पट्टीत. म्हणजे इथेही सीमाभागातच खदखद.

धागासांभाळ
सीमाप्रश्न ह्या धाग्यावर वाळू आणि काचेपुरताच चालेल. त्यापुढे गेलात तर प्रतिसाद उडेल. :)

रोटाला_वैनी
@सीमावासी, त्या पट्टीत खिडकीचा प्रकाश बाजूने शिरतो म्हणून तिथे येतो. बाहेरून काचेला वाळूच्या उंचीएवढी काळी चिकटपट्टी लावा.

हलशीची_अक्का
खिडकीवरून आठवलं. मार्कंडेयकाठ, टँकला ऊन लागतं काय? खिडकी कुठल्या अंगाला आहे?

मार्कंडेयकाठ
दक्षिणेला आहे अक्का, पण ऊन येत नाही. मे महिन्यात मुद्दाम बघून टँक तिथे ठेवलाय.

हलशीची_अक्का
मे महिन्यात कसं येईल? तेव्हा आपल्याकडे सूर्य डोक्यावर, दुपारी तर जरासा उत्तरेलाच. सप्टेंबर संपला की तो दक्षिणेला कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आत आत यायला लागतं, डिसेंबरात सगळ्यात जास्त. तू म्हणतोस गणपतीपर्यंत झकास होता, दिवाळीला बिघडला. उद्या दुपारी घरी असलास तर टँकसमोर उभा राहून बघ.

मार्कंडेयकाठ
अक्का, आज सुट्टी होती म्हणून बघितलं. साडेअकरापासून तासाभराहून जास्त वेळ टँकच्या डाव्या अर्ध्या भागावर सरळ ऊन. ठिपकेही त्याच बाजूला दाट. मी रोज त्या वेळी ऑफिसात, घरात कोणाला सांगायचं सुचलं नाही. जाड पडदा लावला.

कुंदा_कमी_गोड
अक्कांना कुंदा माझ्याकडून.

हलशीची_अक्का
तुझं नाव बघून मागायला धीर होत नाही. गोड असेल तरच पाठव.

ऊस_आणि_अनुबियास (संकेश्वर)
टायमर कसला आहे? चकती फिरणारा, पिना दाबायचा, की डिजिटल?

मार्कंडेयकाठ
चकतीचा. दुपारी दोनला चालू, रात्री बाराला बंद.

ऊस_आणि_अनुबियास
आणि लाइट जाते तेव्हा?

मार्कंडेयकाठ
जाते तेव्हा जाते, काय करणार.

ऊस_आणि_अनुबियास
तसं नव्हे. लाइट गेली की चकती थांबते. दोन तास लाइट नसेल तर टायमर दोन तास मागे पडला, दुसऱ्या दिवशी दोनला लागणारा दिवा चारला लागणार. आठवडाभर असं चाललं की टँकमध्ये पहाटे उजेड. आमच्याकडे एकेकदा टँकची सकाळ रात्री आठला व्हायची. बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर घे, वेळ सरकत नाही. आणि तू गॅस हाताने सोडतोस ना?

मार्कंडेयकाठ
होय. ऑफिसातून आल्यावर, सातच्या सुमारास किटच्या व्हॉल्व्हची सुई सैल करतो, झोपताना बंद.

रोटाला_वैनी
मग बीबीएचं मूळ हेच. दिवा दोनला लागणार, गॅस सातला. मधले पाच तास झाडांना उजेड आहे आणि कार्बन नाही. गॅस दिव्याच्या तास-दोन तास आधी सुरू व्हायला पाहिजे आणि दिवा बंद व्हायच्या तासभर आधी बंद. हाताने जमत नसेल तर किटला सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह) लावा आणि तोही टायमरवर टाका. ते नको असेल तर दिव्याची वेळ संध्याकाळी पाच ते अकरा करा आणि पाचच्या आधी गॅस सोडायला घरातल्या कोणाला तरी शिकवा. दहा तास लाइट तसाही जास्तच. शेवाळ असेपर्यंत सहा, पुढे सात-आठ.

ड्रॉप चेकर आहे का, टँकमध्ये लटकवून पाण्यातला सीओटू रंगावरून ओळखायची ती कुपी? त्यात ४ डीकेएचचं (हे कार्बोनेट कडकपणाचं माप) द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगसूचक पाहिजे, टँकचं पाणी भरायचं नाही. निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे ३० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास, पिवळा झाला तर मासे वर येऊन धापा टाकतील. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेव्हा आत्ताचा रंग मघाचा गॅस सांगतो.

गूळपावडर (मुडलगी)
सायट्रिक ॲसिडला कशाला पैसे? बाटलीत गूळपाणी आणि यीस्ट. ऊस आपला, गूळ आपला, गॅसही आपला.

शेंगाचटणी
आणि वास शेजाऱ्यांचा.

गूळपावडर
आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा दारू गाळूलालास काय म्हणून काठी घेतली होती. :D

रोटाला_वैनी
चार-पाच लिटरच्या टाकीला चालतं. मोठ्या टँकला नको, कारण यीस्टचा गॅस खोलीच्या तापमानाप्रमाणे वरखाली होतो. एप्रिलच्या दुपारी धो धो, डिसेंबरच्या रात्री थेंब थेंब, आणि पहिले दिवस सोडले की उतरंडच. बीबीएला ह्यापेक्षा चांगला पाहुणचार मिळायचा नाही.

शहापूर_मेडिकल
दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण दोन्हींसाठी लोक दुकानात येतात.

एक, हायड्रोजन पेरॉक्साइड. बीबीएवर सिरिंजने टाकायला ते चालतं, पण परदेशी व्हिडिओंत ३ टक्क्यांचं सांगतात. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारं आयपी सोल्यूशन साधारण ६ टक्क्यांचं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. लेबल वाचा. ६ टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी मिसळून आधी ३ टक्क्यांचं करा. मग फिल्टर आणि पंप बंद करून झुपक्यावर हळू सोडा, दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर सुरू. एका वेळी शंभर लिटरला ३ टक्क्यांचं २५ मिली ही वरची मर्यादा समजा. मॉस आणि झिंग्यांच्या अंगावर थेट नको. मेलेला झुपका दोन-तीन दिवसांत गुलाबी, मग पांढरा पडतो. गुलाबी झाला म्हणून घाबरून परत मारू नका.

दोन, इरिथ्रोमायसिन. वाळूवरचा थर त्याने जातो हे खरं, कारण ते जिवाणूच आहेत. पण चिठ्ठीशिवाय मी देणार नाही. शेड्युल एचचं औषध आहे. फिल्टरमधल्या कामाच्या जिवाणूंनाही ते सोडेल असं नाही, आणि पाणी बदललं की ते गटारात जाणार. माणसांची औषधं निकामी करायला आपला हातभार कशाला?

बेंदूर_बैल (अथणी)
मेडिकलवाले दादा, ते 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळतं त्याचं काय?

शहापूर_मेडिकल
ते बहुतेक ग्लुटरल्डिहाइड, दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करायला वापरतात त्या जातीचं. कार्बन कमी, शेवाळनाशक जास्त. मार्कंडेयकाठकडे व्हॅलिस्नेरिया आहे, ती त्याने विरघळते. वापरणाऱ्यांनी हातमोजे घाला, वास घेऊ नका, मापाबाहेर जाऊ नका. आणि दवाखान्यातला कॅन स्वस्तात मिळतो म्हणून टँकमध्ये नको, त्याचं प्रमाण आणि त्यातली भर वेगळी.

जुनी_टाकी (कॅम्प, बेळगाव)
तुम्ही तरुण मंडळी एका काचेच्या पेटीसाठी प्रयोगशाळा उघडता. माझ्या टाकीत गॅस नाही, खत नाही. हायड्रिला, सेराटोफायलम, वर थोडी पिस्टिया. मासे मोजके. काच महिन्यातून एकदा पुसतो. शेवाळ म्हणजे पाण्यातलं जास्तीचं अन्न, अन्न तोडा की शेवाळ तुटेल. खत घालाल तर शेवाळालाच घालाल.

द्राक्षबाग_अथणी
काका, टाकी तुमची छान असणार, वादच नाही. हायड्रिलासारखी भराभर वाढणारी झाडं आणि हवेतून कार्बन घेणारी पिस्टिया असली की शेवाळाला काही उरतच नाही. पण 'खत म्हणजे शेवाळ' हे मी मानत नाही.

१९९६ च्या सुमारास सिअर्स आणि कॉन्लिन ह्या दोघांनी मांडलं होतं की फॉस्फेट रोखून धरलं की शेवाळ रोखलं जातं. पुढे टॉम बारने फॉस्फेट मुद्दाम घालून दाखवलं की झाडं भरपूर आणि निरोगी असतील तर शेवाळ येत नाही. त्याच्या पद्धतीत नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश गरजेपेक्षा थोडं जास्तच घालायचं आणि आठवड्याला निम्मं पाणी बदलून हिशोब शून्यावर आणायचा. वैनींनी सांगितलेली दोन निदानं बघा: ठिपके फॉस्फेट कमी म्हणून, थर नायट्रेट कमी म्हणून. ह्या टँकला अन्न तोडून कसं भागेल?

जुनी_टाकी
मग माझ्याकडे ठिपके का नाहीत?

द्राक्षबाग_अथणी
कारण उजेड कमी आहे काका. कमी उजेडात झाडं सावकाश वाढतात, मागणीच कमी. मासे खातात त्यातून निघणारं त्यांना पुरतं. तुमचा टँक संथ चालीचा, ह्यांनी दिवा दहा तास लावून पळायला घातलाय आणि डबा दिला नाही.

जुनी_टाकी
म्हणजे माझंच बरोबर. दिवा कमी करा.

द्राक्षबाग_अथणी
अर्धं बरोबर. :)

सीमावासी_२
दादा, परदेशी खताच्या बाटल्या परवडत नाहीत. काही उपाय?

द्राक्षबाग_अथणी
बाटली कशाला? बागेच्या ठिबकला आपण जे सोडतो तेच की. कृषी सेवा केंद्रात १३:०:४५ मागा, ते पोटॅशियम नायट्रेट. ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. झाडांची दुकानं हेच पाण्यात विरघळवून बाटलीत विकतात.

हिंडलग्याच्या १३० लिटरसाठी हिशोब असा. १३:०:४५ चं ५० ग्रॅम अर्धा लिटर आरओच्या पाण्यात. त्यातले १० मिली म्हणजे १ ग्रॅम, टँकचं नायट्रेट ५ पीपीएमच्या जरा खाली एवढं वाढतं. ०:५२:३४ चं १० ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरात. त्यातल्या १० मिलीने फॉस्फेट साधारण १ पीपीएम वाढतं. आठवड्यातून दोनदा द्या आणि रविवारी निम्मं पाणी बदला.

एक इशारा. १९:१९:१९ चुकूनही नको. त्यातला बराच नायट्रोजन युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो. बोअरच्या जड, जास्त पीएचच्या पाण्यात त्याचा अमोनिया होतो आणि मासे जातात. आणि पिशव्यांवर नाव लिहून पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

ऊस_आणि_अनुबियास
त्याआधी बोअरचं पाणी तपासा. उसाच्या पट्ट्यात बोअरमध्येच नायट्रेट भरपूर असू शकतं, आमच्याकडे तपासणीची स्ट्रिप बुडवली की लालबुंद. नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी, दोन्हींची वेगळी तपासणी.

कुंदा_कमी_गोड
शहरात राकसकोप किंवा हिडकल धरणाचं येतं, ते बोअरपेक्षा मऊ. पण नळाचं घेतलं तर क्लोरिन मारूनच टाका. हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, स्वस्त पडतात. पावसाळ्यात नदी गढूळ असते तेव्हा क्लोरिन वाढवतात, मग नेहमीचं माप पुरत नाही.

मार्कंडेयकाठ
बोअरची स्ट्रिप केली. नायट्रेट जेमतेम, कडकपणा मात्र पट्टीच्या टोकाला. टँकचं नायट्रेट शून्याला टेकलेलं. खतवाल्याकडे गेलो तर विचारतो, किती एकर?

द्राक्षबाग_अथणी
तीन फूट म्हणून सांगायचं होतं.

मलप्रभेचा_मल्या (कणकुंबी रस्ता)
शेवाळ खाणाऱ्यांबद्दल कोणी बोललं नाही. दुकानात 'अल्गी ईटर' म्हणून विकतात त्यात निदान तीन मासे असतात. खरा सायामीज अल्गी ईटर बीबीए खाणाऱ्या मोजक्या माशांतला. त्याचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो, कडा जराशा दातेरी, पर पारदर्शक. फ्लाइंग फॉक्सच्या पट्ट्याच्या कडा सरळ असतात आणि तो काळ्या झुपक्याकडे ढुंकून बघत नाही. तिसरा चायनीज अल्गी ईटर, मोठा झाला की शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो. खरा असला तरी त्याला पोटभर फ्लेक्स घातलेत तर तोही काम सोडतो.

केसाळ हिरव्या शेवाळाला अमानो झिंगे. ताकाशी अमानो ह्या जपानी छायाचित्रकाराने ते टँकमध्ये रुळवले, म्हणून ते नाव. आपल्याकडचा रोझी बार्बही ते खातो. ठिपक्यांना नेराइट गोगलगाय. वाळूवरच्या थराला कोणीही तोंड लावत नाही, त्या आशेवर काही आणू नका.

आणि आपल्या ओढ्यातला मल्या! खडकाला चिकटून शेवाळ खरवडतो. साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या ह्या माशाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा मल्या हा शब्दच त्यात घेतला: गार्रा मुल्या.

शेंगाचटणी
मग कणकुंबीला जाऊन दोन धरून आणू काय?

मलप्रभेचा_मल्या
नको रे बाबा. तिकडचं बरंच जंगल २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे, तिथे मासा काय, पानही उचलायचं नाही. शिवाय त्याला वाहतं, गार, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. निऑनच्या २६-२७ अंशांत आणि गॅसमध्ये त्याचे हाल. पुलावर उभं राहून बघा, तेवढं पुरे.

खानापूरचा_भात
विषयांतर करतोय, पण टँकच्या तळाला आमची लाल माती चालते काय? लोह भरपूर.

रोटाला_वैनी
चालते. चाळून, दोन-तीनदा धुऊन, पातळ थर आणि वर दोन इंच वाळू. काळी माती नको, तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, पाणी अजून जड होतं. वाळूही तपासून घ्या. चमच्याभर वाळूवर लिंबूसत्त्वाचं पाणी टाका, फसफसली तर चुना आहे. आणि माती घातलेल्या टँकमध्ये रोपं उपटून परत लावायचा छंद सोडा. माती ढवळली की अमोनिया वर येतो, मग हिरवं पाणी आलंच.

मार्कंडेयकाठ
वाळूवरच्या थराचं अजून कोणी ठरवून सांगितलं नाही. गोळी नको म्हटलं, मासे खात नाहीत म्हटलं, मग काय करू?

रोटाला_वैनी
राहिलंच ते. आधी नळीने थर ओढून काढा, जेवढा निघेल तेवढा, आणि निम्मं पाणी बदला. मग तीन-चार दिवस टँक पूर्ण अंधारात. घोंगडी किंवा जाड चादर चारी बाजूंनी, फटीतूनही उजेड नको. गॅस बंद. एअरपंप मात्र रात्रंदिवस चालू, कारण मरणारा थर ऑक्सिजन खातो. शक्य असेल तर पंप इन्व्हर्टरवर घ्या. खाणं देऊ नका, निऑनना काही होत नाही. घोंगडी काढली की परत निम्मं पाणी बदला, नायट्रेट सुरू करा आणि फिल्टरचं तोंड असं वळवा की पुढच्या वाळूवरून प्रवाह जाईल. प्रवाह आणि नायट्रेट विसरलात तर तो परत येईल.

आणि एकाच आठवड्यात पेरॉक्साइड, अंधार, खत, नवीन मासे असं सगळं करू नका. आधी अंधार, मग बाकीचं. नाहीतर कशाने बरं झालं ते कळायचं नाही.

जुनी_टाकी
ह्या प्रतिसादाशी सहमत. वहीत उतरवून घेतला.

मार्कंडेयकाठ
महिन्याभराने येतोय. डिजिटल टायमर आणला, दिवा पाच ते अकरा. आता गॅस चारला बायको सोडते, तिने ड्रॉप चेकरचा रंग बघून दोनदा मला ऑफिसात फोनही केलाय. घोंगडीनंतर थर गेला, फिल्टर वळवल्यावर आला नाही. बीबीए आहे अजून, पण नवीन पानांवर नाही. जुनी खराब पानं कापली, पाइपवरचे झुपके पाइप बाहेर काढून पेरॉक्साइडने धुतले. रोटालाला लाल झाक आलीय.

नेराइट आणल्या. हिरवे ठिपके कमी झाले, पण आता काचेवर आणि लाकडावर तिळाएवढे पांढरे ठिपके. हे कुठलं शेवाळ?

मलप्रभेचा_मल्या
शेवाळ नव्हे, नेराइटची अंडी. गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं वाढत नाहीत, तेव्हा घर भरायची भीती नाही. ब्लेड आहेच की हातात.

बेंदूर_बैल (अथणी)
माझा प्रश्न राहिला. टँक धुतला, फिल्टरचा सगळा स्पंज नळाखाली स्वच्छ केला, आणि आठवड्याभरात पाणी हिरवंगार. मासे दिसत नाहीत. रोज पाणी बदलतोय तरी तेच.

कुंदा_कमी_गोड
ते तरंगणारं एकपेशीय शेवाळ, ग्रीन वॉटर. स्पंज नळाखाली धुतलास तेव्हा आतले जिवाणू गेले, अमोनिया वाढला, त्यावर हे पोसलं. पाणी बदलून जात नाही, मागे राहतं ते परत वाढतं. फिल्टरला यूव्हीचा दिवा लावलास तर आठवड्याच्या आत पाणी आरपार दिसेल. नसेल तर वैनींची घोंगडी. पुढच्या वेळी स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळ.

हलशीची_अक्का
ते हिरवं पाणी लगेच घालवू नको गा. बादलीभर बाजूला काढ, त्यात डाफ्निया (पाण्यातले बारीक पिसू) सोड. ते शेवाळ खातात आणि मासे त्यांना. माझ्याकडे हौदात भरपूर आहेत, बेळगावला येणार असशील तर डबा पाठवते.

बेंदूर_बैल
रविवारी येतोय अक्का. बदल्यात काय आणू?

हलशीची_अक्का
द्राक्षं. बाग कोणाची का असेना.

द्राक्षबाग_अथणी
अक्का, फेब्रुवारीपर्यंत थांबा. आत्ता नुसती पानं आहेत.